कुंदाला जमलं

कुलूप लावलं तेव्हा सासरे, भाऊ, आंघोळीला गेलेले होते. रेवतीने ती वेळ मुद्दामच साधली होती. आत बादलीत पाणी पडत होतं, भाऊंचं ते नेहमीचं अर्धवट स्तोत्र चाललं होतं, आणि जाळीच्या दाराची बाहेरची कडी ओढून तिने नवंकोरं कुलूप दाबलं तेव्हा खट्ट असा एवढा मोठा आवाज झाला की ती जागच्या जागी थांबली. स्तोत्र थांबलं नाही. ते थांबलं असतं तर आपण काय केलं असतं, हे तिला कळेना. कदाचित कुलूप काढलं असतं, कदाचित जिना उतरून पळत सुटलो असतो. काल संध्याकाळी नवऱ्याने, देवव्रतने, हे कुलूप कोथिंबिरीच्या जुडीशेजारी टेबलावर ठेवलं होतं, जणू तेही भाजीबरोबर आणायचं राहिलेलं काहीतरी होतं. "तूच लाव," तो म्हणाला होता, "तू शेवटी निघतेस." लग्न झाल्यापासून या घरातली सगळी शेवटची कामं तिच्याकडेच होती. गॅस बंद केला का बघणं, गच्चीवरचे कपडे आणणं, सासूबाईंच्या तोंडात शेवटचं पाणी घालणं. त्यात आता हे एक. किल्ली पर्समध्ये टाकून ती पंतनगरच्या त्या चार मजली इमारतीचा जिना उतरू लागली. आदल्या रात्री झोप झाली नव्हती, त्याच्या आदल्या रात्रीही नाही, आणि पायऱ्या उतरताना गुडघ्यांपेक्षा डोळ्यांच्या मागेच जास्त दुखत होतं.

खाली पत्र्याच्या लेटरबॉक्सांशेजारी सोसायटीचा फळा होता. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात पाणी कधी येणार नाही ते लिहिलेलं असायचं. खालचा अर्धा भाग भाऊंचा. आज तिथे त्यांच्या मास्तरी, तब्येतीत काढलेल्या अक्षरात चार इंग्रजी अक्षरं होती: एफ, जी, टी, ओ. ही चारही अक्षरं ज्यात येतात असा लांबलचक शब्द शोधायचा, बाकीची अक्षरं कुठलीही चालतील, असा हा भाऊंचा खेळ. विक्रोळीच्या एका मराठी शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. कारखान्यातल्या कामगारांची पोरं असायची, त्यांना पाचवीत पहिल्यांदा एबीसीडी दिसायची आणि लांब शब्द दिसला की ती अडायची. भाऊ त्या शब्दाचे मराठी तुकडे पाडून द्यायचे. टो-गेट-हर. क्नो-व-लेड-गे. वर्गात पोरं ते तुकडे पाढ्यांसारखे घोकायची आणि पेपरात बरोबर उतरवून यायची. निवृत्त झाल्यावर वर्ग गेला, फळा मात्र सुटेना, म्हणून ते सोसायटीच्या फळ्यावर आले. सुरुवातीला इमारतीतली मुलं उत्तरं लिहायला धावायची. मग मुलांच्या हातात फोन आले, मुलं मोठी झाली, काही परदेशी गेली, आणि फळ्यापाशी थांबणारं कुणी उरलं नाही. उरल्या फक्त कुंदाताई, रेवतीच्या सासूबाई.

सातवीपर्यंत शिकलेली बाई, पण दुपारी कामं आटोपली की पदराला हात पुसत खाली जायची आणि अक्षरांच्या खाली शब्द लिहून यायची. मुंग्यांची रांग फुटावी तशी अक्षरं, काही मोठ्या लिपीतली, काही छोट्या, कुठे एस उलटा. संध्याकाळी भाऊ फिरून यायचे, दारात चपला काढायचे आणि अख्ख्या घराला ऐकू जाईल असं सांगायचे, "आज कुंदाला जमलं!" कुंदाताई स्वयंपाकघरात लाजायच्या. इमारतीत त्यांचं मोठं नाव झालं होतं. एकदा मेथी निवडताना त्याच रेवतीला म्हणाल्या होत्या, "मला कुठलं गं येतंय? हे रात्री कानात सांगतात. दिवा मालवला की सांगतात, म्हणजे मला दुपारपर्यंत घोकता येतं." आणि एवढ्या हसल्या होत्या की निवडलेली मेथी देठांत मिसळली. रेवतीलाही हसू आलं होतं, पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तिला उगाचच रडायला आलं होतं. शेजारी देवव्रत पाठ करून झोपला होता. आपल्या कानात कुणी कधी एक शब्द सांगितलेला नाही, असं तिला वाटलं होतं, आणि मग आपलंच आपल्याला हसू आलं होतं. बाईचा जन्म, काय काय मनात येईल सांगता येत नाही.

कुंदाताई गेल्या त्याला दोन वर्षं होत आली. दिवस झाले, चौदाव्याला भाऊ पुन्हा खडू घेऊन खाली गेले. अक्षरं रोज बदलत होती, खालची जागा रोज कोरी राहत होती. एका संध्याकाळी ऑफिसातून येताना रेवतीने त्यांना फळ्यासमोर उभं राहिलेलं पाहिलं. काही करत नव्हते. कोऱ्या जागेकडे बघत होते, रांगेत उभा असलेला माणूस बंद खिडकीकडे बघतो तसे. ती त्यांच्या पाठीमागून गुपचूप वर निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिने फोनवर शोधलं. अशी अक्षरं टाकली की शब्दांची माळच्या माळ काढून देणाऱ्या साइट असतात, हे तिला तेव्हाच कळलं. सर्वांत लांब शब्द घेतला आणि भाऊ फिरायला निघायच्या आत फळ्यावर लिहून टाकला. आपलं अक्षर कुणी ओळखू नये म्हणून वेडंवाकडं काढलं, तर काढता काढता ते सासूबाईंचंच झालं. उलटा एससुद्धा. भाऊ फिरून आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "आज कुंदाला जमलं." रेवतीच्या हातातली पळी तिथेच राहिली. जीभ घसरली असेल, असं तिने मनाशी म्हटलं. पण दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग तिचीच पंचाईत झाली. लिहावं तर म्हातारा मेलेल्या बायकोचं नाव घेतो, आणि न लिहावं तर फळ्यासमोर उभा राहतो. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! ती लिहीत राहिली. रोज ऑफिस, रोज बस, रोज स्वयंपाक, आणि त्याच्यावर रोज एक लांब शब्द. पर्समध्ये खडू ठेवायची सवय लागली. लिपस्टिक, पास, रुमाल, सगळ्याला पांढरी पूड लागायची.

आणि मागच्या आठवड्यात तिने ते देवव्रतला सांगितलं. निमित्त दुधाचं झालं. भाऊंनी दूध गॅसवर ठेवलं आणि विसरले, पातेलं जळलं. दूध काय, तिच्याकडूनही महिन्यातून एकदा उतू जातं. पण ती पातेलं घासत होती, काथ्याने हात हुळहुळले होते, देवव्रत मागे उभा राहून "खिडकी उघड ना" एवढंच म्हणत होता, आणि तिच्या तोंडून निघून गेलं. "भाऊंना वाटतं आई अजून आहेत." देवव्रत एकदम खुर्चीत बसला.

"म्हणजे काय वाटतं?"

"रोज म्हणतात ना, आज कुंदाला जमलं. तुला काय वाटलं, कुणाला जमलं?"

"मला वाटलं असंच बोलतायत... कुठलाच शब्द मी कधी बघितला नाही यार. कोण लिहितं मग?"

"मी."

मग त्याने जे केलं ते सगळं रीतसर केलं. शनिवारची डॉक्टरची वेळ घेतली. मित्रांना विचारलं. कुणाचे वडील असेच दहिसरच्या चेकनाक्यापर्यंत चालत गेले होते, घराचा पत्ता सांगता येईना. दिवसभर घरात कुणी नसतं, दार उघडून भाऊ कुठे गेले म्हणजे? तोवर कुलूप. शेजारी आहेत, फोन आहे, आणि थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे. सगळं पटण्यासारखं होतं. रेवतीला एकच गोष्ट सलत होती आणि ती तिने त्याला सांगितली नाही. तिने ते काळजीपोटी सांगितलं नव्हतं. ती दमली होती म्हणून सांगितलं होतं. एक ओझं तरी डोक्यावरून उतरावं म्हणून तिने म्हाताऱ्याला पुढे केलं होतं.

बस हायवेला लागली. उजव्या हाताला मागे मागे पळणारी खाडीकाठची तिवरं, त्यांच्यावर सकाळचं धुरकट ऊन. एफ, जी, टी, ओ. नकोच म्हटलं तरी डोकं आपलं काम करत होतं. आज लिहायचं नाही, असं तिने रात्रीच ठरवलं होतं. आपणच त्यांच्या डोक्यात हे खूळ वाढवलं, आता आपणच बंद करायचं. फळा कोरा राहील, ते उभे राहतील, एक दिवस, दोन दिवस, मग केव्हातरी त्यांच्या लक्षात येईल की कुंदा नाही. त्यांच्या लक्षात येईल तेव्हा आपण समोर असू का, आणि असलो तर काय म्हणू, इथे येऊन तिचा विचार रोज अडायचा. पर्समधली किल्ली तिने दोनदा चाचपून पाहिली. आंघोळ झाली असेल. कपडे करून ते दूध आणायला म्हणून दार उघडतील. लाकडी दार उघडेल, जाळीचं उघडणार नाही. आधी वाटेल अडकलंय. हलवून बघतील. मग जाळीतून बोट घालून बघतील.

"मॅडम, तुमचा चहा थंड झाला," ऑफिसात शेजारच्या टेबलावरची ऋतिका म्हणाली. रेवतीच्या निम्म्या वयाची पोरगी, हुशार, इंग्रजी फाडफाड. विम्याच्या दाव्यांचे कागद दोघी तपासायच्या. अपघात, आजार, मरण, सगळं जाड इंग्रजीत लिहिलेलं. रेवती अजूनही लांब शब्द आला की मनातल्या मनात त्याचे तुकडे पाडून वाचायची. भाऊंच्या नव्हे, कुठल्यातरी दुसऱ्या मास्तरांच्या मराठी शाळेत तीही तशीच शिकली होती. "एफ, जी, टी, ओ असलेला लांब शब्द सांग," ती एकदम म्हणाली. ऋतिकाने फोन काढला, अंगठे चालवले. "फर्गेटफुलनेस! तेरा अक्षरं. झकास ना? कसली स्पर्धा आहे, मॅडम?" रेवतीने "काही नाही गं" म्हटलं आणि पुढचा कागद ओढला. विसराळूपणा. हे त्यांनी मनात धरून लिहिलंय? त्यांना कळलंय, की आपलं काहीतरी सुटत चाललंय? की कळत नाहीये, आणि हात आपोआप तेच लिहितोय? तिला त्या शब्दाची भीती वाटली. हा आपल्याला त्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिताच आला नसता, बरं झालं आपण ठरवूनच टाकलं.

देवव्रतचा फोन आला. कुलूप नीट लागलं ना, ओढून बघितलंस ना. ती हो म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत तिने भाऊंना फोन लावला. पलीकडून नेहमीसारखं "बोल" आलं.

"जेवलात का?"

"जेवलो. तुझी आमटी झाली होती छान."

"बरं." ती थांबली. आता म्हणतील. ओरडतील, रडतील, विचारतील हे काय मांडलंय तुम्ही. ओरडले असते तर तिला हवंच होतं.

"तू सावकाश ये," भाऊ म्हणाले. "घाई करू नकोस, बसला गर्दी असते." आणि फोन ठेवून दिला. रेवती उरलेला डबा न खाता झाकण लावून बसून राहिली. त्यांना दार बंद आहे हे कळलंच नसेल, असंही होऊ शकतं. कळलं असून न कळल्यासारखं बोलले, असंही. यातलं कुठलं जास्त वाईट, हे ती दुपारभर ठरवत होती आणि कागदांवर सह्या करत होती.

संध्याकाळी इमारतीत शिरताना तिने फळ्याकडे न बघायचं ठरवलं होतं. तरी मान वळलीच. अक्षरांच्या खाली शब्द होता. मोठी छोटी अक्षरं, मुंग्यांची रांग फुटलेली, एक आर पोट वर करून झोपलेला. कुंदाताईंचं अक्षर. रेवतीचा हात लेटरबॉक्सच्या पत्र्यावर टेकला. तिने लिहिलं नव्हतं. भाऊ तर कुलपात होते. क्षणभर तिला खरंच वाटलं की जिन्यावर पदराला हात पुसल्याचा आवाज येतोय. मग ती पळत वर गेली, गुडघे, डोळे, सगळं विसरून. कुलूप जागेवर होतं. जाळीमागचं लाकडी दार सताड उघडं, आणि आत भाऊ खुर्ची दाराशी ओढून बसलेले, मांडीवर परात, परातीत बोंबील.

"आलीस?" ते म्हणाले. "उघड. पाय आखडलेत."

तिला किल्ली सापडेना. रुमाल निघाला, खडू निघाला, पास निघाला. भाऊ परात सावरून वाट बघत होते. शेवटी किल्ली सापडली आणि कुलूप उघडलं.

"फळ्यावर कुणी लिहिलं, भाऊ?"

"अंजनाबाईने." अंजनाबाई म्हणजे माहुलची कोळीण, दर बुधवारी पाटी घेऊन जिना चढायची. "आज बुधवार ना? बोंबील घेतले. जाळीतून पाटी आत येईना, मग एकेक करून दिले बिचारीने. मी आत ओढायचो, ती बाहेरून ढकलायची. दोघं हसून हसून बेजार. मग म्हटलं, अंजनाबाई, एक काम कर. कागदावर शब्द लिहून दिला, खडू दिला. 'मना लिवता नाय येत,' म्हणाली. म्हटलं, लिहू नकोस, चित्र काढ. रे-फ्री-गे-रा-टोर. तिला वाटलं काहीतरी मंत्रबिंत्र आहे."

"रेफ्रिजरेटर?"

"हो. तो फ्रीजवाला आला होता दुपारी, तूच बोलावलं होतंस आजचं. कुलूप बघून परत गेला. उद्या ये म्हटलं. तेव्हा हे बोंबील आजच करावे लागणार."

फ्रीजवाला. रविवारी तिनेच फोन केला होता, तिनेच बुधवार सांगितला होता, आणि ती साफ विसरली होती. ती तिथेच, उंबऱ्यावर, चपलांसकट बसली.

"तुम्हाला तो शब्द... फ्रीजवरून सुचला?"

"घरातलाच असायचा नेहमी. कुंदाने अटच घातली होती. म्हणायची, जी वस्तू मला दिसते तिचाच शब्द द्या, म्हणजे विसरले तर नुसतं घरभर बघेन. थर्मामीटर, ट्रान्झिस्टर, मिक्सर नको, फार लहान." ते बोंबलाचं डोकं मोडत होते, सावकाश, नीट. "तुझे शब्द लांबचे असतात. पहिल्याच दिवशी तू काय लिहिलंस, आठवतं? ट्रान्सकाँटिनेंटल, म्हणजे खंडापलीकडचं काहीतरी. आमची कुंदा कधी ठाण्याच्या पलीकडे गेली नाही! मला हसू आलं. एस मात्र फार हुबेहूब उलटा काढलास."

"तुम्हाला माहीत होतं?" ती त्यांच्याकडे वळली. "मग रोज कुंदाला जमलं म्हणून..."

"तू लपूनछपून लिहीत होतीस. तिच्या अक्षरात. मला वाटलं, तुला तसंच हवं असेल. सुनेला कसं सांगायचं, की अगं, मला कळलंय? तू बंद केलं असतंस." त्यांनी पुढचा बोंबील उचलला. "कुंदा गेली हे मला माहीत आहे गं. माझ्या मांडीवर गेली ती."

रेवती रडायला लागली. लाज वाटत होती, आणि रडण्यात काही अर्थ नाही हे कळत होतं, तरी रडत होती. एवढ्या दिवसांचा शीण सगळा आत्ताच बाहेर पडायचा होता. म्हातारा तिची लाज राखत होता, ती म्हाताऱ्याची, आणि दोघांनी मिळून हे कुलूप दारापर्यंत आणलं होतं. निदान तिने तरी आणलं होतं. भाऊंनी बोंबलाचा हात लागू नये म्हणून कोपराने तिच्या खांद्याला हलकेच ढोसलं आणि अगदी सहज, उद्या पाणी किती वाजता येणार आहे असं विचारावं तसं म्हणाले, "उद्याही कुलूप लावणार आहेस का?"

तिने तळहाताने डोळे पुसले.

"नाही, तसं असेल तर उद्याची अक्षरं आत्ताच लिहून येतो. सकाळी तुझी घाई असते."

ती उंबऱ्यावरून बाजूला सरकली. भाऊंनी हात धुतले, धोतराला पुसले, तिच्या पर्समधून बाहेर पडलेला खडू उचलला आणि कठड्याला धरून जिना उतरू लागले. त्यांच्या चपलांचा आवाज एकेक मजला खाली जात राहिला. फोन वाजला. देवव्रत होता.

"पोचलीस? कुलूप होतं ना नीट?"

"होतं."

"भाऊ काय करतायत?"

"खाली गेलेत."

"एकटे? अगं रेवती, वेड लागलंय का तुला?"

"एकटेच गेलेत. मी अडवलं नाही. शनिवारची वेळ रद्द कर. घरी आलास की सांगते, सगळं सांगते. आणि लवकर ये, बोंबील आहेत, फ्रीज बंद आहे."

तो काहीतरी बोलत होता, पण तिने फोन खाली ठेवला. कुलूप अजून कडीत लोंबत होतं. ते काढून तिने किल्लीसकट रद्दीच्या गठ्ठ्यात खुपसून दिलं, मग चपला काढल्या आणि परात पुढ्यात ओढली. बोंबलांना पाणी सुटलं होतं. ती कान खाली लावून बसली होती, हे तिला चपलांचा आवाज पुन्हा वर येऊ लागला तेव्हा कळलं. मधल्या मजल्यावर भाऊ दम घ्यायला थांबले. मग आले. दारात चपला काढल्या, बोटांचा खडू झटकला.

"उद्याचा शब्द लांबचा आहे," ते म्हणाले. "कुंदाला नाही जमायचा."